आत्याला कोणी नेले?

2024 च्या पावसाळ्यात मी चार दिवस गावी गेलो होतो. गाव म्हणजे बीड जिल्ह्यात, केज आणि धारूर यांच्या मधल्या डोंगरपट्ट्यातले एक लहानसे खेडे. पुण्यात मास्तरकी करण्यात माझी सारी हयात गेली, त्यामुळे गावात मला नावाने कोणी हाक मारीत नाही. लहानथोर सगळे 'मास्तर'च म्हणतात.

रात्रीची जेवणे झाली होती. पावसाने उघडीप दिली होती म्हणून मी अंगणात बाज टाकून आडवा झालो, तोच गल्लीतून काठ्यांचा खडखडाट ऐकू आला. आठदहा पोरे हातात बॅटऱ्या नि काठ्या घेऊन चालली होती. त्यातला एकजण थांबून म्हणाला,

"मास्तर, आत झोपा. ड्रोन येतंय."

त्या दिवसांत बीड-जालन्याकडच्या खेड्यांतून हीच एक चर्चा होती. रात्री आभाळात लाल-हिरवे दिवे फिरतात, गावावर घिरट्या घालतात आणि नाहीसे होतात. कोणी म्हणे चोर टेहळणी करतात, कोणी म्हणे सरकार गुपचूप मोजणी करते, तर कोणी म्हणे पोरे उचलणारी टोळी आली आहे. पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगत होते, आणि गावोगावची पोरे रात्रभर गस्त घालीत होती.

दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय निघाला. एक म्हातारे आबा तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "मास्तर, आमच्या वक्ताला न्यायला बाया यायच्या, त्याबी पायी. आता हे वरून यायला लागले. पण न्यायचं काम काही बंद पडलं न्हाई बघा!"

सारा पार हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या 'बायांनी' ज्यांना नेले होते त्यांच्यापैकी एक माझी सख्खी आत्या होती.

दुष्काळातील एक रात्र

1972 साल मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पाऊस नव्हता, ज्वारी नव्हती. रेशनवर लाल मिलो मिळायचा आणि दुष्काळी कामावर सुकडी. आत्याचे सासर आमच्या गावापासून तीन कोसांवर. ती नि तिचा नवरा दिवसभर खडी फोडायला जात. संध्याकाळी दमून घरी यायचे ते पाण्याच्या चिंतेने पुन्हा बाहेर पडायचे, कारण गावच्या विहिरीला दिवसा टिपूस नसे. रात्री झरा पाझरून तळाशी घागरभर पाणी साचे. ते मिळावे म्हणून बायका मध्यरात्रीच विहिरीच्या काठी नंबर लावून बसत.

अशाच एका अवसेच्या रात्री आत्या घागर घेऊन गेली, ती परत आली नाही. नवरा, दीर, शेजारी पहाटेपर्यंत कंदील घेऊन हिंडले. उजाडल्यावर ती सापडली ती दोन कोसांवर, भलत्याच शिवारात, एका पडक्या विहिरीजवळ. पाय रक्तबंबाळ, लुगडे काट्यांनी फाटलेले, आणि घागर कुठे गेली त्याचा पत्ता नाही. तिथे कशी आली हे तिला सांगता येईना. त्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते.

शहरी वाचकांना या सात दगडांची ओळख करून द्यायला हवी. या साती आसरा. 'अप्सरा' या शब्दाचेच हे खेडवळ रूप. मराठवाड्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात विहिरी, ओढे आणि डोहांच्या काठी त्यांचे ठाणे असते. बायका त्यांना हिरवी चोळी नि बांगड्या वाहतात. त्या प्रसन्न झाल्या तर पाणी आटू देत नाहीत, आणि कोणी त्यांच्या मनात भरले तर त्याला पाण्यात ओढून नेतात, अशी समजूत आहे.

आत्या सापडली तेव्हा माझे वडील तिकडे धावले आणि मीही त्यांच्याबरोबर गाडीत होतो. त्या सकाळी तिने सांगितलेले मला आठवते ते इतकेच: "कुणीतरी बाया व्हत्या. चल म्हणल्या. उजेड व्हता. मला हलताच येईना."

तिसऱ्या दिवशी देवऋषी आला. त्याने धूप घातला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. बाया सात होत्या का? होय, सातच होत्या. लुगडी हिरवी होती का? होय, हिरवीच. पाण्याखाली नेले का? नेले. खायला दिले का? दिले, भात नि गूळ. दुष्काळात पोट खपाटीला गेलेल्या बाईला भात नि गूळच आठवणार! तासाभरात त्या चार तुटक वाक्यांची एक सबंध कहाणी झाली. मग आत्या जन्मभर तीच कहाणी सांगत राहिली, आणि तिच्या मनात त्याविषयी तिळमात्र संशय नव्हता.

सासरच्यांना मात्र वेगळाच संशय आला. आसरांनी नेलेली बाई घरात ठेवली तर पाण्याला दोष लागेल, असे कोणी म्हणाले. ती रात्रभर खरोखर कुठे होती, असेही कोणी कुजबुजले. महिन्याभरात आत्या आमच्या घरी आली ती कायमचीच.

अमेरिकेतील एक जोडपे

पुढे पुण्यात वाचनालयात बसून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. आमच्या आत्याच्या आधी अकरा वर्षे, सातासमुद्रापलीकडे, एका जोडप्यावर थेट असाच प्रसंग गुदरला होता.

बार्नी आणि बेटी हिल हे ते जोडपे. नवरा टपालखात्यात नोकर, बायको समाजसेविका. 19 सप्टेंबर 1961 च्या रात्री कॅनडाची सहल आटोपून ते मोटारीने न्यू हँपशायरमधील डोंगरी रस्त्याने घरी येत होते. रस्ता निर्मनुष्य, दोघेही थकलेले. आभाळात एक तेजस्वी ठिपका त्यांच्यामागून येतो आहे असे त्यांना वाटू लागले. घरी पोहोचले ते अपेक्षेपेक्षा सुमारे दोन तास उशिरा. मधला काळ कुठे गेला ते काही केल्या आठवेना. काही दिवसांनी बेटीबाईंना लागोपाठ स्वप्ने पडू लागली. परक्या जगातल्या बुटक्या माणसांनी आपल्याला यानात नेऊन तपासले, असे ते स्वप्न.

1964 साली बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित करून बोलते केले, आणि त्या अवस्थेत दोघांच्याही तोंडून यानाची सविस्तर कहाणी बाहेर आली. 1966 साली तिच्यावर पुस्तक निघाले, 1975 साली दूरदर्शनपट झाला, आणि त्यानंतर अमेरिकेत 'मलाही नेले होते' म्हणणाऱ्यांची रांग लागली. खुद्द डॉ. सायमन यांचे मत मात्र फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. त्यांच्या मते हे सारे बेटीबाईंच्या स्वप्नांतून उपजलेले होते, आणि ती स्वप्ने ऐकून ऐकून नवऱ्याच्याही मनात रुजली होती.

आमचा देवऋषी आणि बोस्टनचे डॉक्टर यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. डॉक्टर सावध होते, देवऋषी सावध नव्हता. परंतु अर्धवट भानावर असलेल्या माणसाला एकेक प्रश्न विचारीत गेले म्हणजे आठवणीतल्या रिकाम्या जागा भरत जातात, हे दोन्हीकडे सारखेच घडले. पुढच्या काळात अमेरिकेत संमोहनाचा धंदा करणाऱ्यांनी तर डॉक्टरांची सावधगिरीही टाकून दिली आणि शेकडो लोकांच्या तोंडून एकसारख्या कहाण्या वदवून घेतल्या.

आणखी एक गृहस्थ ब्राझीलमधले. आंतोनियो व्हिलास-बोआस हे त्यांचे नाव, वय 23, धंदा शेती. दिवसा ऊन फार म्हणून ते रात्री ट्रॅक्टरने नांगरीत. ऑक्टोबर 1957 मधल्या अशाच एका रात्री लाल तारा खाली उतरला आणि आपल्याला उचलून यानात नेले, असे त्यांनी सांगितले. हे वाचताना मला आमच्या गावचे शेतकरी आठवले. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींना वीज आळीपाळीने मिळत आलेली. एक आठवडा दिवसा, तर दुसरा रात्री. थंडीत मध्यरात्री बारे देत फिरणाऱ्या माणसाला जे जे दिसते त्याची यादी केली, तर अमेरिकेतल्या साऱ्या कहाण्या तिच्यापुढे फिक्या पडतील!

आभाळातून खरेच काय पडते?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लोकांना आभाळात काहीच दिसत नाही नि ते उगाच बोंब मारतात, असे मुळीच नाही.

2 एप्रिल 2022 चा गुढीपाडवा आठवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आभाळातून जळते गोळे ओळीने गेले. लाखो लोकांनी ते पाहिले, आमच्या गावानेही पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी त्या रात्री सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चीनच्या अग्निबाणाचे अवशेष असल्याचा निष्कर्ष जाणकारांनी काढला. अलीकडे एका ओळीत माळेसारखे जाणारे दिवे दिसतात, ते इंटरनेटसाठी सोडलेले उपग्रह असतात.

आणि आमच्या मराठवाड्याला तर आभाळातल्या पाहुण्यांची जुनी सवय आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुग्यांचे केंद्र आहे. तेथून सोडलेले प्रचंड फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणे हवाई छत्रीने दूरदूरच्या रानांत उतरतात. 'पेटीला हात लावू नका, आम्हाला कळवा, बक्षीस मिळेल' अशी सूचना संस्था आधीच प्रसिद्ध करते. तरीही डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका स्पॅनिश कंपनीची भलीमोठी कुपी अशाच फुग्याखालून शेतात उतरली, तेव्हा परग्रहावरचे लोक आले म्हणून पंचक्रोशी लोटली!

याच हैदराबादच्या फुग्यांतून परग्रहावरच्या जीवांचा खराखुरा शोधही झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 साली आणि पुन्हा 2005 साली निर्जंतुक केलेल्या नळ्या फुग्यांतून पाठवल्या नि 41 किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा केली. दुसऱ्या खेपेला जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, आणि 2009 साली ते जाहीर झाले. एका जातीला ज्योतिर्विद फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. पण हे जिवाणू बाहेरून आले असे काही नारळीकरांनी छातीठोकपणे सांगितले नाही. ते बाहेरून आले असतील, इथूनच वर गेले असतील, एवढ्याने ते सिद्ध होत नाही, असाच एकूण निर्वाळा होता. हातात सूक्ष्मदर्शकाखालचा जीव असूनही शास्त्रज्ञ किती बेताने बोलतो, आणि हातात काहीच नसताना आपण किती ठासून बोलतो!

मग आत्याला काय झाले होते?

आत्याच्या रात्रीचा उलगडा मला एकदम झाला नाही. निरनिराळ्या वर्षी वाचलेल्या तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या.

पहिली गोष्ट चालण्याची. आमच्याकडे रात्री वाट चुकून माणूस तिथल्या तिथेच फिरू लागला की 'चकवा लागला' म्हणतात. जुनी माणसे सांगत, चकवा लागला की चालू नये, खाली बसावे, उजाडायची वाट पाहावी. 2009 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी याचाच प्रयोग केला. माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांची वाट उपग्रहाच्या साहाय्याने टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येऊ लागली, आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र होता तोवर नीट गेला, चंद्र ढगाआड जाताच वळून उलट दिशेला लागला. डोळे बांधलेली माणसे तर वीस मीटरच्या रिंगणातही फिरली. आत्याची रात्र अवसेची होती. ती विहिरीकडे जायला निघाली आणि गोल गोल फिरत दुसऱ्या शिवारात गेली, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट झोपेची. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू जणू कुलूप लावून ठेवतो. स्वप्नातले धावणे खऱ्या धावण्यात उतरू नये यासाठी ही निसर्गाची सोय. कधीकधी माणूस जागा होतो, पण कुलूप निघायला क्षणभर उशीर होतो. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोटही हलत नाही. छातीवर कोणी बसले आहे, कोपऱ्यात कोणी उभे आहे, असे वाटते. स्वप्नाचा शेवटचा तुकडा जागेपणात सांडतो म्हणा ना. शंभरांतल्या सुमारे आठ माणसांना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी येतो, विद्यार्थ्यांत हे प्रमाण शंभरांत अठ्ठावीसपर्यंत आढळले आहे. झोप अपुरी, वेळा अनियमित, निजणे उताणे, अशा वेळी तो अधिक येतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर याला 'म्हातारी बसली' म्हणतात, जपानात 'कानाशिबारी' म्हणतात. आमच्याकडे मुंजा छातीवर बसतो. अमेरिकेत तोच अनुभव आला की माणूस म्हणतो, परग्रहावरचा कोणी उशाशी उभा होता. अनुभव एकच, त्याला कपडे मात्र त्या त्या गावचे. आत्या थकून त्या विहिरीपाशी कोसळली असेल, डोळा लागला असेल. "मला हलताच येईना" हे तिचे पहिल्या सकाळचे वाक्य मला आठवते, त्याचा अर्थ इथे लागतो.

तिसरी गोष्ट आठवणीची. आठवण म्हणजे पेटीत जपलेला कागद, अशी आपली समजूत. ती चुकीची आहे. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही माणसांना 'लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होता' अशी बनावट हकीकत घरच्यांच्या नावे सांगितली. 1995 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दिसले की सुमारे चौथाई माणसांना ती न घडलेली गोष्ट थोडीफार 'आठवली' होती. देवऋष्याच्या प्रश्नांतून आत्याला सात बायका आणि हिरवी लुगडी आठवली, ती अशीच. आणि वाचकहो, मला तरी ती सकाळ जशीच्या तशी आठवते हे कशावरून? मीही तेव्हा दहा वर्षांचे पोर होतो.

माझा शहाणपणा

आता जे सांगायचे ते सांगताना मला थोडे जड जाते.

1979 साली मी कॉलेजातून दिवाळीच्या सुटीत गावी आलो होतो. विज्ञानाची पुस्तके नुकतीच वाचलेली, अंगात सुधारकी वारे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारपाजारच्या पोरी आत्याभोवती जमल्या नि आसरांची गोष्ट सांग म्हणून मागे लागल्या. ती रंगात येऊन सांगू लागली, आणि मी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. पाण्याखाली श्वास कसा घेतलास? लुगडे ओले कसे नव्हते? गेल्या खेपेला भात म्हणालीस, मग आज पुरणपोळी कुठून आली? पोरी फिदीफिदी हसू लागल्या. शेवटी मी सर्वांसमोर म्हणालो, "आत्या, तू खोटं बोलतेस."

ती काही क्षण माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लेकरा, मपलं घर गेलं त्याच्यापायी. खोटं बोलून घर घालवीन व्हय म्या?"

ती उठून आत गेली. त्यानंतर तिने ती गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही. मी मात्र अंधश्रद्धेवर विजय मिळवला म्हणून खूष होतो. 1998 साली आत्या वारली.

2004 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील रिचर्ड मॅकनॅली, सुझन क्लॅन्सी आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो माझ्या वाचनात आला, तेव्हा ती रात्र पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली. परग्रहावरच्यांनी नेले म्हणणाऱ्या दहा माणसांना त्यांचीच हकीकत ऐकवून, त्या वेळी होणारे काळजाचे ठोके आणि त्वचेचा घाम यांचे मोजमाप केले गेले. युद्धातून वा अत्याचारातून गेलेल्या माणसाचे अंग आठवणीने जसे थरथरते, तशाच खुणा या माणसांत दिसल्या. गोष्ट घडली असेल असे संशोधकांना वाटत नव्हते. पण तिची भीती शंभर नंबरी खरी होती. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. चूक असणे आणि खोटे बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विज्ञान शिकलेल्या मला हे समजायला पंचवीस वर्षे लागली, आणि तोवर क्षमा मागायला आत्या उरली नव्हती.

भीतीची किंमत

कोणी म्हणेल, बिचाऱ्यांना वाटते तसे वाटू द्या, तुमचे काय जाते? पण याची किंमत द्यावी लागते, आणि ती बहुधा दुबळ्यांनाच द्यावी लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी गावोगाव हिंडणारे. मोबाइलवरून पसरलेली 'पोरे उचलून नेणारी टोळी आली' ही अफवाच काय ती त्यांच्याविरुद्धची साक्ष! 2024 च्या त्या रात्री काठ्या घेऊन निघालेली आमची पोरे पाहून मला तेच आठवत होते. रात्री गावात कोणी अनोळखी फकीर वा वाटसरू आला असता तर?

आणि ज्याला 'नेले' त्याची किंमत वेगळी. आत्याला देवऋष्याने मिरचीची धुरी दिली होती, ती खोकून खोकून बेशुद्ध पडली होती. आज तो गुन्हा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यासाठी त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. कायदा झाला, पण खेड्यातल्या बाईला दवाखान्यात नेणारे माणूस घरात असावे लागते, ते कायद्याला पुरवता येत नाही.

शेवटी एवढेच

ड्रोनच्या त्याच मुक्कामात शेजारची एक सून मला भेटायला आली. दसऱ्यानंतर ही माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता, आणि पाचसहा महिने कारखान्याच्या रानात कोपीत काढायचे. पहाटे तीनला उठायचे, रात्री उशिरा पाठ टेकायची. मागल्या हंगामापासून तिच्या छातीवर रात्री 'काहीतरी येऊन बसते', हातपाय धरते, उचलून नेऊ पाहते. घरचे तिला एका मठात बसवायचे म्हणत होते.

ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला खोटं वाटंल."

मी म्हणालो, "नाही बाई, खोटं नाही वाटत. तुला जे झालं ते खरंच झालं. ते कोण करतं, एवढंच आपण डॉक्टरला विचारू."

तिचा नवरा, सासू आणि मी, आम्ही तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला मधे न तोडता सगळे बोलू दिले. कोणती लुगडी, किती बाया, असले काही विचारले नाही. किती तास झोपतेस, कशी निजतेस, जेवण काय, पाळी कशी, एवढेच विचारले. मग रक्त तपासले, ते फार कमी निघाले. औषध दिले, कुशीवर निजायला सांगितले, आणि सासूला जवळ बसवून म्हणाल्या, "मावशी, हे भूत नाही, ही न झालेली झोप आहे. असं झालं की घाबरू नको, एक बोट हलवायचा प्रयत्न कर, असं तिला सांगत जा. आणि तिला एकटं पाडू नका."

सासूने विचारले, "म्हंजी तिला कुणी न्यायला येत न्हाई?"

"कुणी येत नाही. पण तिला भीती वाटते ती खरी आहे."

परत येताना बसमध्ये सासूने सुनेचा हात हातात घेतला होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो. धारूरच्या घाटाकडचे डोंगर पावसाने हिरवे झाले होते, आणि ओढ्याकाठी कुठेतरी ते सात दगड असतील, कोणी हिरवी चोळी वाहिली असेल. आत्या असती तर तिला सांगितले असते, की तू खोटं बोलत नव्हतीस.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ती सून पुन्हा ऊसतोडीला गेली. जाणे चुकत नाही. दिवाळीत तिचा फोन आला. म्हणाली, "मास्तर, दोनदा आलतं. बोट हलवलं, गेलं."

मी विचारले, "दिवाळी कशी झाली?"

"कोपीपुढं दिवा लावला की," ती म्हणाली.